साधारण अडतीस

मास्तरांनी एकसष्टाव्या वर्षी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा त्यांच्या खोलीखालचा इस्त्रीवाला म्हणाला, "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची कटकट ऐकून ज्याने धंदा केला, त्याला इस्त्रीवाल्याचं काय मोठंसं!

हे मास्तर शाळेतले नव्हेत. टेलरमास्तर. पुरुषांचे कपडे शिवणारे, त्यातही पॅन्ट आणि कोट. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि मशीन, कापायचं टेबल, कात्र्या, मापाच्या वह्या असा सगळा संसार राहत्या दोन खोल्यांत आणून टाकला. बायको त्याआधीच गेली होती. एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला होता. तिथलीच मुलगी त्याने केली आणि त्यांना एक लेक झाली. ती आता सात वर्षांची. तिला आणि तिच्या आईला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं, आणि मास्तरांना मराठीखेरीज. पण मुलगा होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. दर रविवारी रात्री दहाला तिघं फोनवर दिसायची. मास्तर मुलाला सांगायचे, मुलगा त्या दोघींना सांगायचा, त्या हसायच्या, मग त्या का हसल्या ते मुलगा मास्तरांना सांगायचा. हसू जरा उशिराने पोचायचं, पण पोचायचं.

दीड वर्षापूर्वी मुलगा तापाने आजारी पडला आणि नऊ दिवसांत गेला. मास्तरांचा पासपोर्ट तयार नव्हता. जे काही झालं ते त्यांनी कापायच्या टेबलावर फोन उभा करून बघितलं.

त्यानंतरही सूनबाईने रविवारचा फोन सोडला नाही, हा तिचा चांगुलपणा. पण मधला माणूसच नाही म्हटल्यावर बोलणार काय? "ओला," म्हणजे नमस्कार, ती म्हणायची. "ओला," मास्तर म्हणायचे. नात हात हलवायची. मग तिघंही दवाखान्यात नंबरची वाट बघत बसावं तशी समोरासमोर बसून राहायची. पूर्वी पाऊण तास चालणारा फोन पंधरा मिनिटांवर आला, मग सातवर, मग चारवर. दोन रविवार तर फोन आलाच नाही. त्या दोन्ही दिवशी मास्तर दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दहापासून एकपर्यंत टेबलाशी बसून राहिले. हा फोन एक दिवस बंद पडणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मग मुलाचं जे काही या जगात उरलं होतं, तेही त्यांना दिसणार नव्हतं.

फोन स्वतःच भाषांतर करतो म्हणून इस्त्रीवाल्याच्या लेकीने तशी सोय करून दिली. मास्तर मायेने म्हणाले, "काय गं पोरी, जेवलीस का?" आणि फोनमधून एक अनोळखी बाई गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात काहीतरी बोलली. नात आईच्या पाठीमागे लपली. मास्तरांनी कानाला खडा लावला आणि सोमवारी वर्गात जाऊन नाव घातलं.

वर्ग दोन गल्ल्या सोडून, औषधाच्या दुकानाच्या वर, दुपारी चार ते पाच. शिकवणाऱ्या बाई मास्तरांच्या मुलापेक्षाही लहान. विद्यार्थी चौघं: हॉटेलात काम करणारे दोन भाऊ, परदेशी नोकरीला निघालेली एक नर्सबाई आणि मास्तर. सगळे मास्तर म्हणतात म्हणून बाईही त्यांना मास्तरच म्हणत. त्यामुळे वर्गात एक बाई होत्या आणि एक मास्तर होते, पण शिकवणारं माणूस एकच होतं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मग 'उनोस' आणि 'उनास' आले आणि मास्तरांनी पाय रोवले.

"एक असेल तर पुल्लिंगाला उन, स्त्रीलिंगाला उना," बाई म्हणाल्या. "जास्त असतील तर उनोस किंवा उनास. म्हणजे काही. उनोस बोतोनेस, काही बटणं. उनास आगुहास, काही सुया."

"काही म्हणजे किती?" मास्तरांनी विचारलं.

"किती ते सांगायचं नसतं मास्तर, म्हणून तर काही."

"बाई, 'काही बटणं' म्हणून कोट शिवता येत नाही. तीन म्हणजे तीन."

दोघे भाऊ हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "अजून गंमत आहे. आकड्याच्या आधी उनोस लावला की त्याचा अर्थ होतो साधारण. उनोस क्वारेन्ता म्हणजे साधारण चाळीस."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "साधारण चाळीस कमरेची पॅन्ट शिवली तर गिऱ्हाईक भर रस्त्यात पॅन्ट धरून उभं राहील!"

"अहो, बोलताना थोडं सैल सोडावं लागतं."

"म्हणजे माया ठेवायची," मास्तर म्हणाले. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर तेवढं उसवून कपडा वाढवता येतो. ही तुलना त्यांची त्यांनाच पटली आणि त्यांनी 'उनोस' वहीत उतरवून घेतला. वही मापाचीच होती. खांदा, छाती, कंबर, उंची असे रकाने छापलेले, आणि त्यांवरून आडवी स्पॅनिश.

त्यापुढचा धडा मात्र त्यांना फार आवडला. काही वस्तू एकच असल्या तरी स्पॅनिश माणसं त्यांना अनेकवचनात बोलवतात, कारण त्या दोन बाजू जोडून झालेल्या असतात. बाईंनी फळ्यावर तीन लिहिल्या. उनास तिहेरास, कात्री. उनोस पान्तालोनेस, पॅन्ट. उनास गाफास, चष्मा.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "एका पात्याने काही कापलं जात नाही." मग त्यांनी विचारलं, "स्क्रू निघून पाती वेगळी झाली, तर उरलेल्या एकाला काय म्हणतात?"

बाईंनी विचार केला. "मला नाही माहीत, मास्तर. बघून सांगते."

घरी अभ्यास म्हणून मास्तरांनी वस्तूवस्तूला चिठ्ठ्या लावल्या. दिवसभर त्या घरात कुणी अवाक्षर बोलत नसे. आता मास्तर सकाळी उठून हजेरी घ्यायचे. उनोस बोतोनेस, उनास आगुहास, उनास तिहेरास. डबा, पुडी, कात्री, कुणीच हजर म्हणत नसे, पण आपलाच आवाज भिंतीला लागून परत आलेला बरा वाटे. एकाच वस्तूला चिठ्ठी नव्हती. खिडकीशेजारच्या खिळ्यावर कॉफीच्या रंगाची एक पॅन्ट टांगलेली होती. मुलाने फोनवर सांगितलेल्या मापाची. सुट्टीत आला की ट्रायल घेऊ, मग खालची पट्टी दुमडू, असं ठरलं होतं. ट्रायलशिवाय मास्तरांनी जन्मात कुणाच्या पॅन्टची पट्टी दुमडली नव्हती. म्हणून दीड वर्ष तिचे पाय तसेच, कच्चे धागे सोडून लोंबत होते.

चौथ्या रविवारी त्यांनी धीर केला. "ओला" झालं, नेहमीची शांतता सुरू होणार एवढ्यात त्यांनी कात्री उचलली आणि म्हणाले, "तेन्गो उनास तिहेरास." माझ्याकडे कात्री आहे.

नातीचे डोळे हे एवढे झाले. ती पळत गेली आणि बोथट टोकांची आपली कागद कापायची कात्री घेऊन आली. "उनास तिहेरास!" ती ओरडली. मास्तरांनी बटणांचा डबा खळखळ वाजवला. "उनोस बोतोनेस!" नातीने आपल्या स्वेटरची बटणं दाखवली. मग सुया झाल्या, रिळं झाली, शाळेची पुस्तकं झाली. मास्तरांना घाम फुटला होता, पण नऊ मिनिटं झाली होती. सूनबाई मात्र कडेला, अर्धी पडद्याबाहेर, अंग चोरून बसली होती. मास्तरांनी तिला नीट बघून घेतलं. पंधरा इंच खांदा, थोडी वाळलीय, त्यांच्या मनात आलं.

मग सूनबाई कशालाशी आत गेली. नात फोनच्या अगदी जवळ आली आणि हळूच एक वाक्य बोलली. मास्तरांना काही कळलं नाही. त्यांनी खूण करून पुन्हा म्हणायला लावलं आणि ऐकू आलं तसं मराठी अक्षरांत वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात आई परत आली, नातीने हात हलवला आणि फोन संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही बाईंच्या पुढे धरली. बाईंनी मोठ्याने वाचलं, "मामा दिसे के नो ला मिरास."

"हा मामा कोण आला मध्येच?" नर्सबाईने विचारलं.

"मामा म्हणजे आई," बाई म्हणाल्या. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "मास्तर, ती म्हणतेय, आई म्हणते की तुम्ही आईकडे बघतच नाही."

मास्तरांना आधी हसूच आलं. "मी बघत नाही? अहो, मी तर डोळ्यांत तेल घालून बघतो! कालच बघितलं, वाळलीय ती."

"मास्तर, एक बोलू?" नर्सबाई म्हणाली. "राग मानू नका. तुम्ही माझ्याशीही बोलताना तोंडाकडे बघत नाही. इथे बघता." तिने आपल्या खांद्यावर बोट ठेवलं. "मला पहिले दोन दिवस वाटलं, भिंतीचा चुना लागलाय की काय."

भाऊ हसले नाहीत, आणि त्यावरून मास्तरांना कळलं की हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांच्या उस्तादाने कामाच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाईक दारात आलं की तोंड बघत बसू नकोस, खांदा बघ, खांद्यावर कपडा बसला की सगळा बसला. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर चेहरा ओळखू यायचा नाही, पाठमोरा मात्र लांबून ओळखायचे. मुलगा फोनवर ओरडायचा, "बाबा, वर बघा, वर! ती इथे आहे!" आणि सूनबाईला काहीतरी सांगायचा, मग दोघं हसायची. आता 'वर बघा' म्हणणारं कुणी नव्हतं. दीड वर्ष ती बिचारी दर रविवारी अशा सासऱ्यासमोर येऊन बसत होती, जो तिच्या तोंडाकडे बघतही नव्हता.

"मी बोलू का तिच्याशी?" बाईंनी विचारलं. "पाच मिनिटांत समजावून सांगते."

"नको," मास्तर म्हणाले. "मध्ये माणूस आलं की दोघंही त्याच्याचकडे बघतात."

घरी जाताना ते रस्त्याच्या कडेकडेने चालले. सवय, धंद्याची सवय, असं स्वतःला सांगून झालं. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सगळीच काही सवय नव्हती. मुलगा गेला त्या महिन्यात त्यांच्या मनात आलं होतं, तापाकडे हिने वेळेवर लक्ष का दिलं नाही? दवाखान्यात दोन दिवस आधी का नेलं नाही? हे ते कुणाशी बोलले नाहीत. बोलायला भाषाच नव्हती. पण तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं हे खरं होतं, आणि खांद्याची सवय त्यांना तेव्हा आडोशासारखी बरी सापडली होती. पुढे तो राग विरला, पण नजर वर उचलायची राहूनच गेली. सूनबाईचं म्हणणं ते खोटं ठरवू शकत नव्हते. मास्तर औषधाच्या दुकानापासून घरापर्यंतच्या त्या दोन गल्ल्यांत तीनदा थांबले.

आठवडाभर त्यांनी बाईंकडून मोजकी वाक्यं तयार करून घेतली. बाईंनी चांगलं पानभर लिहून दिलं होतं, पण ते मास्तरांनी परत केलं. "मला पेलेल तेवढंच द्या," ते म्हणाले. मग टेप घेतला. टेपच्या इंचांच्या बाजूचे आकडे बोटांनी पुसून गेले होते. सेंटिमीटरची बाजू त्यांनी कधी वापरलीच नव्हती. ती नव्यासारखी होती. पंधरा इंचाच्या पाठीमागे काय येतं ते त्यांनी बघून ठेवलं.

रविवारी दहाला फोन वाजला नाही. दहा-दहा झाले. सव्वादहा. मास्तरांच्या हाताला टेप घट्ट गुंडाळला गेला होता. दहा वाजून बावीस मिनिटांनी वाजला. नात पुढे होती आणि सूनबाई पाठीमागे उभी, पाठ अर्धी वळवलेली. आज चार मिनिटंही मिळायची चिन्हं नव्हती.

मास्तर उभे राहिले. "सोय सास्त्रे," ते म्हणाले. मी शिंपी आहे. सूनबाईने मान वळवली. हे तिला ठाऊकच होतं. मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग खांद्याकडे. "मिरो ओम्ब्रोस. सिएम्प्रे ओम्ब्रोस." मी खांदे बघतो, नेहमी खांदेच. तिच्या कपाळावर आठी पडली. तेव्हा मास्तरांनी टेप उंच धरला, तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "तुस ओम्ब्रोस. उनोस त्रेइन्ता इ ओचो." तुझे खांदे, साधारण अडतीस. "मिदे." मोज.

नातीला तेवढं पुरलं. ती आत पळाली आणि बापाच्या खणातून टेप घेऊन आली. मास्तरांनी मुलाला निघताना दिलेलाच टेप, कुठे कपडा करायचा झाला तर माप कळव म्हणून. ती खुर्चीवर चढली आणि आईच्या पाठीवर टेप ताणून वाचू लागली. "त्रेइन्ता इ नुएवे!"

एकोणचाळीस. मास्तरांना राहवेना. "अगं, तिथून नाही! हाडापासून धर, हाडापासून!" मराठीत ओरडतच त्यांनी फोनकडे पाठ फिरवली आणि स्वतःच्या खांद्यावर, या टोकाच्या हाडापासून त्या टोकाच्या हाडापर्यंत टेप लावून दाखवला. नातीने बघितलं. पुन्हा टेप लावला, या वेळी बरोब्बर. बराच वेळ ती आकड्याकडे बघत राहिली.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "त्रेइन्ता इ ओचो."

सूनबाईने टेपचं टोक पुढे ओढून स्वतः वाचलं. मग ती हसली. दीड वर्षात पहिल्यांदा, तोंडावर हात ठेवून हसली, आणि खुर्ची ओढून फोनसमोर, अगदी मधोमध येऊन बसली. मास्तरांची नजर सवयीने तिच्या खांद्यावर गेली. बाबा, वर. त्यांनी ती वर उचलली.

तिने चष्मा लावला होता. निळ्या काड्यांचा.

"उनास गाफास," मास्तर म्हणाले. मग नव्यासाठीचा शब्द आठवून विचारलं, "नुएवास?"

सूनबाईने मान हलवली, नाही. तिने एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्याची तीन. "ओचो मेसेस," ती म्हणाली. आठ महिने.

आठ महिने, म्हणजे तीसेक रविवार. तो चष्मा त्यांच्यासमोर बसलेला होता आणि त्यांनी तो बघितला नव्हता. आता बघितला तर त्याच्या आतले डोळे दिसले, खाली काळी वर्तुळं दिसली, कानाजवळ पांढरे झालेले केस दिसले. आपला मुलगा गेला तेव्हा हिचा नवराही गेला, ही साधी गोष्ट मास्तरांच्या डोक्यात तेव्हा कुठे शिरली.

"पेर्दोन," ते म्हणाले. माफ कर. हा शब्द बाईंनी पानभर वाक्यांत तीनदा लिहून दिला होता. मास्तर एकदाच म्हणाले.

सूनबाईने चष्मा काढला आणि बाहीने पुसला. खूप वेळ पुसला. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. या वेळी शांतता पडली, पण फोन ठेवायची घाई कुणालाच नव्हती.

नातच शेवटी कंटाळली. "आब्वेलो, यो!" ती दोन्ही हात पसरून उभी राहिली. आजोबा, मी! तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला होता, थेट बापासारखा. हे मास्तरांना केव्हाचं माहीत होतं. आज त्यांनी आधी तिचं तोंड बघितलं, पुढचे दोन दात पडलेलं, आणि मग खांदा. कंबर, उंची, आतली लांबी, सूनबाई मोजत होती आणि मास्तर लिहून घेत होते. काय शिवणार, असं तिने हातानेच विचारलं. मास्तरांनी खिळ्यावरची कॉफीच्या रंगाची पॅन्ट काढून आणली आणि फोनसमोर धरली. कुणाची ते तिला सांगावं लागलं नाही. ती कच्च्या पायांकडे बघत राहिली, मग तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान डोलावली.

"उनोस पान्तालोनेस," मास्तर म्हणाले. दीड वर्षात त्यांनी त्या पॅन्टचं नाव पहिल्यांदा घेतलं.

फोन बंद झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मास्तरांनी मापाची वही पुढे ओढली आणि कोरं पान काढलं. वर लिहिलं, सूनबाई. खांद्याच्या रकान्यात लिहिलं, अडतीस. छाती, कंबर, उंची रिकामीच ठेवली, पुढच्या रविवारसाठी. मग पानाच्या तळाशी, जिथे चाळीस वर्षांत कुणाही गिऱ्हाइकाबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: चष्मा आहे, निळा.